जिथं जमीन हलत नाही

रिसीडा, कॅलिफोर्निया
३ फेब्रुवारी २०१४

प्रिय आल्बिना,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मला कळत नाही की तू ऐकतेयस की भांडी घासतेयस. म्हणून लिहिते. रोझॅन म्हणते, "आई, अख्ख्या अमेरिकेत पत्रं लिहिणाऱ्या तुम्ही दोघीच बहिणी उरल्या असाल." म्हणू दे. लेकीनं आईला काही बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

मी परत यायचं ठरवलंय. चार दिवसांसाठी नाही, कायमची, आपल्या शेतावरच्या घरात. तू ठेवून घेणार असशील तर.

वॉल्टरला जाऊन गेल्या महिन्यात वीस वर्षं झाली. त्याच वेळच्या भूकंपानंतर हे घर मी दुरुस्त करून घेतलं, भिंती नव्या, छप्पर नवं, पण मी काही दुरुस्त झाले नाही. अजून पलंगाखाली बूट ठेवते. दाराच्या मुठीला टॉर्च बांधलेला असतो. आंघोळीला गेले तरी दार लावून घेत नाही. शेजाऱ्यांचा कचऱ्याचा ट्रक आला की मी आधी दिव्याकडे बघते, हलतोय का. मी आजारी नाही, आल्बिना. दमले आहे. जमिनीकडे कान न लावता मला एकदा झोपायचं आहे.

बाबा काय म्हणायचे आठवतं? "आपली जमीन महाआळशी. गहू उगवायलासुद्धा तिला दोनदा सांगावं लागतं, ती हलतेय कुठली!" मी लग्न करून इकडे निघाले तेव्हा स्टेशनवर त्यांनी वॉल्टरला हेच ऐकवलं होतं. वॉल्टर बिचारा हसला होता.

मला उत्तरेची खोली दे, पेकनच्या झाडाकडे खिडकी असलेली. दुसरं काही नको.

एक विचारायचं राहिलं. परवा टीव्हीवर ओक्लाहोमाचा नकाशा दाखवत होते, त्यावर भूकंपाचे लाल ठिपके. रोझॅननं मला मुद्दाम हाक मारून दाखवला. मी म्हटलं, थंडीत बातम्या मिळत नाहीत यांना. आहे का तसं काही?

तुझी लिबी


हावलिक, ओक्लाहोमा
२० फेब्रुवारी २०१४

लिबी,

ये.

पहिली ओळ एवढीच लिहून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. परत आले तर आणखी काय लिहायचं ते सुचेना. मलाही एमिल सोडून गेला, तेव्हापासून या घरात रात्रीच्या जेवणाला मी रेडिओशी बोलते. तोही फक्त हवामान सांगतो.

ठिपक्यांचं म्हणशील तर इथं आता तेलाची कामं फार वाढली आहेत. रस्त्यानं दिवसभर टँकर जातात, त्यांनी खिडक्या थरथरतात, कपाटातल्या बश्या किणकिणतात. माझा ड्वेन तसलाच एक टँकर चालवतो. शेतीवर भागत नाही, काय करणार. तेलाबरोबर जमिनीतून खारट पाणी वर येतं, ते हे लोक गोळा करतात आणि दुसऱ्या खोल विहिरीतून परत जमिनीत ढकलतात. ड्वेन ते पाणी वाहतो. काम बरं आहे, रविवारी सुट्टी असते, जेवायला माझ्याकडे येतो. कधीमधी जमीन जरा हलल्यासारखी वाटते म्हणतात. गायी मान वर करत नाहीत, तर तू कशाला करतेस?

उत्तरेच्या खोलीचे पडदे धुवायला काढलेत. पेकनला यंदा फळ कमी आलं, पण झाड आहे तसंच आहे. चर्चमध्ये तू येणार म्हणून सांगितलं, तर म्हातारी व्लास्ता म्हणते, "कॅलिफोर्नियावाल्यांना आपले जॅम भरलेले कोलाची गोड लागतील का?" मी म्हटलं, "ती आपल्याच आईच्या हातचे खाऊन वाढली आहे, तुझ्या हातचे नाही लागणार कदाचित."

आल्बिना


रिसीडा
११ मे २०१४

प्रिय आल्बिना,

घर विकलं गेलं. एका तरुण जोडप्यानं घेतलं. बाई पोटुशी आहे. मी तिला म्हटलं, पाळण्याच्या वर भिंतीला काही टांगू नकोस. ती गोड हसली. मला वाटतं, ती टांगणार.

रोझॅन तोंड फुगवून बसली आहे. "तिथं दवाखाना चाळीस मैलांवर, तुला तिथं ओळखतं कोण, आणि तुझी ती बहीण, दहा वर्षांत एकदा आली का इकडे?" मी म्हटलं, "तिला कोंबड्या आहेत."

आल्बिना, मी खोटं बोलणार नाही, मला थोडी भीती वाटते. इतक्या वर्षांनी एका घरात दोघी, वर दोघीही हट्टी. पण काल काय झालं सांगते. मी दुपारी खुर्चीत डोळे मिटून आपलं घर आठवत बसले. आधी पायऱ्या, मग ओसरी, मग स्वयंपाकघर, मग आईची चूल आणि त्यावरची ती विटांची मोठी चिमणी. तिथवर आले आणि जागी झाले. विटांची चिमणी! इथं आम्ही विटेला घाबरतो. हसू नकोस. तिथं काय होणार म्हणा. पण आहे का ती अजून?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते. सामान थोडंच आहे.

लिबी


हावलिक
२ जून २०१४

लिबी,

चिमणी आता नाही. जुनी झाली होती, उतरवली. ड्वेननं छपराला नवा पत्रा मारला. तेव्हा तेवढी काळजी मिटली तुझी.

ऊन फार आहे. टोमॅटो जळताहेत. कुत्रं दिवसभर ओसरीखाली पडून असतं आणि उगीच मध्येच उठून भुंकतं. सप्टेंबरपर्यंत जरा गार होईल.

तू खालच्या मजल्यावर झोप असं मला वाटतं. जिने चढायचं वय राहिलं का आपलं?

आल्बिना


हावलिक
६ ऑक्टोबर २०१४

लिबी,

तीन आठवडे तुझ्या फोनची वाट पाहिली. मग मी केला, तर रोझॅन म्हणाली, "आई झोपली आहे." दुपारच्या दोन वाजता. बरं.

तू माझ्याकडे पुरते पाच दिवस होतीस. पहिले चार चांगले गेले, एवढं तरी कबूल करशील ना? तू कोलाचीचं पीठ मळलंस, मी तुला त्यात दूध जास्त झालं म्हणाले, तू म्हणालीस, "साठ वर्षं झाली, अजून माझं पीठ सैलच!" ओसरीवर बसून आपण एका दिवसात जेवढं बोललो तेवढं गेल्या दहा वर्षांत बोललो नसू.

आणि मग रविवार.

माझ्या बाजूनं सांगते, कारण तू त्या वेळी टेबलाखाली होतीस, वरचं तुला दिसलं नाही. हादरा आला तेव्हा ड्वेन ताटात कोबी वाढून घेत होता. आवाज आधी आला, तो तुलाही आला असणार, कारण मी मान वर करायच्या आत तुझी खुर्ची रिकामी होती. एवढ्या चपळाईनं तुला कधी पळताना पाहिलं नव्हतं. बश्या वाजल्या, दिवा डुलला, येशूची तसबीर वाकडी झाली आणि संपलं. ड्वेन वाकून म्हणाला, "मावशी, चार रिश्टरच्या आतबाहेर असेल. ये बाहेर, डंपलिंग गार होताहेत."

तू खालून विचारलंस, "आल्बिना, किती दिवस चाललंय हे?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "दिवस कसले मावशी, तीन वर्षं झाली! चिमणी पडली तेव्हा तर आई..."

मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. ती तुला लागली. त्याबद्दल माफ कर. बाकीच्याबद्दल मला काय म्हणायचं आहे ते मलाच अजून नीट कळलेलं नाही.

विमानतळापर्यंत तू ड्वेनशी एक शब्द बोलली नाहीस म्हणे. तो परत आला आणि बराच वेळ गाडीतच बसून राहिला. त्याचा काही दोष नव्हता, लिबी.

तुझी निळी शाल राहिली आहे. पाठवू का?

आल्बिना


नॉर्थरिज, रोझॅनच्या घरून
२५ जानेवारी २०१५

आल्बिना,

शाल पाठवू नकोस. इथं लागत नाही.

मी एवढे महिने लिहिलं नाही, कारण जे लिहीन ते वाईटच असेल असं वाटलं. अजूनही तसंच वाटतं, पण आता न लिहूनही दमायला झालंय.

तू मला माझं घर विकायला लावलंस. हो, ठरवलं मी. पण मी सरळ विचारलं होतं आणि तू मला टँकर सांगितलेस, गायी सांगितल्यास. "चिमणी उतरवली!" ती पडली होती, आल्बिना. आज मला राहायला जागा नाही. रोझॅनच्या शिवणाच्या खोलीत झोपते, मशीन आणि कापडांच्या गठ्ठ्यांमध्ये. आणि तुझ्या घरी मला साधी माझी खोलीसुद्धा मिळाली नाही. मला खाली तुझ्या पलंगावर टाकलंस आणि उत्तरेची खोली स्वतः घेतलीस. लहानपणी आजोळचं संत्रं वाटताना करायचीस तसं. तेव्हाही मोठी फोड तुझीच.

सगळ्यात कशानं घाबरले सांगू? हादऱ्यानं नाही. मी टेबलाखालून बघत होते. दिवा डुलत होता आणि तू ग्रेव्ही ओतत राहिलीस. वर बघितलंस, आणि ओतत राहिलीस. मला वाटलं, ही बाई माझी बहीण नव्हे.

आता सांगते, जे कुणाला सांगितलं नाही, रोझॅनलाही नाही. वॉल्टर हृदयाच्या झटक्यानं गेला एवढंच तुला ठाऊक आहे. तसा तो गेला खरा, इस्पितळात, दोन दिवसांनी. पण त्या पहाटे आमच्या दोघांच्या मध्ये कपाट पडलं होतं. मी भिंतीकडे, तो दाराकडे. अंधार, आणि जमीन थांबायला तयार नाही, थोडी थांबते, पुन्हा सुरू. मला त्याचा हात सापडला, तोंड दिसत नव्हतं. तो म्हणाला, "लिब, काही तरी बोल." मी म्हटलं, "काय बोलू?" तो म्हणाला, "तुमचं ते घर सांग. जिथं काही हलत नाही ते."

मग मी सांगत गेले. ओसरी, विहीर, आईची चूल, उत्तरेच्या खोलीची खिडकी, खिडकीतून पेकनची कुठली फांदी कुठे दिसते ते. तो मध्येच विचारायचा, "मग? मग पुढे काय दिसतं?" जणू तो तिथं फिरायला आला होता. शेजाऱ्यांनी दार फोडेपर्यंत मी बोलत होते. इतकी वर्षं मी रात्री तीच खोली डोळ्यांसमोर आणून झोपले आहे. माझ्याकडे एवढी एकच जागा होती, आल्बिना. आता तीही हलते.

लिबी


हावलिक
१५ फेब्रुवारी २०१५

लिबी,

तुझं पत्र ओसरीवर उभ्यानं वाचलं, मग आत येऊन बसून पुन्हा वाचलं.

चिमणी गेल्या मार्चमध्ये पडली, मी तुला "ये" लिहिलं त्यानंतर महिन्याभरानं. उत्तरेच्या खोलीवरच पडली. छप्पर फोडून विटा पलंगावर आल्या. मी तेव्हा अंगणात होते. ड्वेननं पत्रा मारला, पण आतली तुळई चिरली आहे, तिला दोन खांबांचा टेकू दिलाय. तू यायच्या आधी मी त्या खांबांना पांढरा रंग लावला, पडदे टांगले. तू वर चढून बघशील अशी धास्ती होती, म्हणून तुझ्या गुडघ्यांची एवढी काळजी केली.

त्या खोलीत तुला झोपवणं मला शक्य नव्हतं. ड्वेनच्या जुन्या खोलीत तिथलंच सामान भरलं होतं. म्हणून मी झोपले. म्हणजे झोपले नाही, पडून राहायचे आणि त्या तुळईकडे बघायचे. तू गेल्यावर वर गेलेच नाही.

ग्रेव्हीचं म्हणतेस. मी थांबले असते तर माझा हात थरथरताना ड्वेनला दिसला असता. तो ते पाणी वाहतो. तू समजतेस का मला काय म्हणायचं आहे? माझा मुलगा दिवसभर जमिनीत पाणी ओततो आणि रविवारी माझ्याकडे जेवतो. मी घाबरले असं त्याला दिसलं तर तो कसा जेवेल? म्हणून मला न घाबरायची सवय झाली. वरवरची.

खरं सांगायचं तर मी आता एमिलच्या जुन्या पिकअपमध्ये झोपते, अंगणात. दोन गोधड्या आणि कुत्रं. गाडी हलली तर हलू दे, तिला चाकं आहेत. व्लास्ताला कळलं तर ती गावभर करेल, म्हणून उजाडायच्या आत घरात येते.

आणि मी तुला खोटं का लिहिलं? तू म्हणालीस राहायला येते. मी दुसरं काही वाचलंच नाही. वॉल्टरचं मला ठाऊक असतं तर... नाही, तेही सांगता येत नाही. ठाऊक असतं तरी कदाचित टँकरच लिहिले असते. मला फार एकटं वाटत होतं.

संत्र्याची मोठी फोड आई तुला द्यायची. हे मात्र मी सोडणार नाही.

आल्बिना


नॉर्थरिज
१९ एप्रिल २०१५

आल्बिना,

पिकअपमध्ये? या वयात? माणसं आहात की कोण तिथं?

सोबत एक खोकं पाठवलंय. त्यात पट्टे आहेत, पाणी तापवायच्या टाकीला भिंतीशी जखडायचे. कपाटांना मागून लोखंडी कोन ठोकायचे. बश्यांच्या कपाटाला बाहेरून खिटी. कागदावर चित्रं काढली आहेत, ड्वेनला दाखव. त्याला म्हणावं, मावशी रागावलेली नाही. विमानतळावर मी बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि पोराला गाडी चालवायची होती.

आणि ऐक. तू इकडे ये. रोझॅन हो म्हणतेय. इथं घरं पायाला बोल्टनं बांधलेली असतात, शाळेत पोरांना टेबलाखाली शिरायला शिकवतात, कुणी कुणाला हसत नाही. जमीन हलते हे इथं सगळ्यांना मान्य आहे. तुमच्याकडे जमीन हलते आणि माणसं म्हणतात ट्रक गेला.

कोंबड्या व्लास्ताला दे.

लिबी


हावलिक
८ नोव्हेंबर २०१५

लिबी,

उत्तराला फार उशीर झाला. उन्हाळाभर लिहायला बसायचे आणि उठायचे.

पट्टे लावले. ड्वेननंच लावले, न बोलता. का न बोलता ते सांगते.

मे महिन्यात शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली. पाणी ढकलणाऱ्या कंपनीचे लोक आले होते, सरकारी माणूस होता, विद्यापीठातून एक तरुण बाई होती. ड्वेन कामावरच्या पोरांबरोबर पलीकडच्या बाजूला बसला. मी बोलायला गेले नव्हते. पण दोन तास सगळे मोठमोठ्यानं भांडले, कंपनीचा माणूस म्हणाला पाण्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, कुणी म्हणालं धंदा बंद झाला तर गाव मरेल, कुणी भिंतींचे फोटो नाचवले, आणि मी एवढी दमले की उठून उभी राहिले. मी म्हटलं, "मला बाकीचं काही नको. एवढंच सांगा, मी आज झोपू कुठे? घरात की गाडीत?"

हसू येईल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. सरकारी माणूस म्हणाला, "बाई, ते मला सांगता येणार नाही." विद्यापीठवाली बाई म्हणाली, "आजी, मी तुमच्या जागी असते तर गाडीत झोपले असते." खरं बोलली बिचारी. मी वळून बघितलं तर ड्वेनची खुर्ची रिकामी होती. मी गाडीत झोपते हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

कितीतरी रविवार तो आला नाही. मी दोघांचं रांधायचे आणि सोमवारी पुन्हा तेच खायचे. मग एकदा आला, तुझं खोकं उघडलं, पट्टे ठोकले, टेकूच्या खांबांना खाली लोखंडी पाय बसवले, आणि जेवला.

ऑगस्टमध्ये त्याचं काम गेलं. तेलाचे भाव पडले, निम्म्या गाड्या उभ्या केल्या. राज्यानंही काही विहिरींचं पाणी कमी करायला लावलंय. हादरे कमी झालेत, लिबी. आम्ही ओरडलो म्हणून की तेल स्वस्त झालं म्हणून, देव जाणे. मला तर वाटतं, आमच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, बाजारानं दिलं.

ड्वेन टेक्सासला गेला. तिथंही तेलच. निघायच्या दिवशी गाडीत सामान टाकून झालं तरी दाराशी उभा.

"आई, मी वाईट काम केलं का गं?"

"तू गाडी चालवलीस."

"गाडी रिकामी नव्हती."

"पोटही रिकामं नव्हतं ना," मी म्हटलं. "जा, ऊन व्हायच्या आत पोच."

याहून चांगलं काही सुचलं नाही. तो गेल्यावर सुचलं, पण आता तेही विसरले.

तुझ्याकडे यायचं म्हणतेस. नाही येत, लिबी. सुरक्षित असेल तिथं, पण मला आता नवी जागा शिकायची ताकद नाही. गाडीतून घरात आले आहे, खाली तुझ्याच पलंगावर झोपते. गेल्या पंधरवड्यात काहीच हललं नाही. आणि मी जागीच. हादरा आला की निदान कळतं, आला आणि गेला. आता मी नुसती वाट बघत असते. तुला हे वीस वर्षं होतंय ना? मला तेव्हा कळलं नव्हतं. मी मनात म्हणायचे, लिबीची नाटकं.

आल्बिना


नॉर्थरिज
४ जानेवारी २०१६

प्रिय आल्बिना,

तुझं पत्र मी रोझॅनला मोठ्यानं वाचून दाखवलं. वॉल्टरचंही सांगितलं तिला, कपाटाचं. ती म्हणाली, "आई, तू जाणार आहेस ना?" पोरगी हुशार आहे. बापावर गेली.

मी येते आहे. मार्चमध्ये.

जमीन शांत झाली म्हणून नव्हे. ती शांत झाली यावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तूही ठेवू नकोस. मी येते कारण तू घाबरलेली आहेस आणि घरात एकटी आहेस, आणि घाबरून जगायचं कसं हे तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. तुला हे चार-पाच वर्षांपूर्वी सुरू झालं. मी जुनी आहे या कामात. एका गोष्टीत तरी मी तुझी थोरली.

आता माझ्या अटी. उत्तरेची खोली बंद. कुलूप लाव, तुळई पडायची असेल तर एकटी पडू दे. झोपायला आपण दोघी खालीच, एकाच खोलीत, दोन खाटा, डोक्यावर तसबीर नाही, येशूचीसुद्धा नाही, त्याला समोरच्या भिंतीवर ने. बूट पलंगाखाली. दार उघडं. हादरा आला की तू ग्रेव्ही, पीठ, कोंबडी, हातात असेल ते टाकून माझ्याबरोबर टेबलाखाली यायचं. उगीच शूर व्हायचं नाही. आणि मला पुन्हा कधी "ट्रक गेला" म्हणायचं नाही, खरंच ट्रक गेला असला तरी.

माझ्या खोलीचं वाईट वाटतं का? वाटतं. अजून रात्री डोळे मिटले की मी तिथंच जाते. पण आता तिथं ते दोन पांढरे खांब दिसतात, तू रंगवलेले. आधी राग यायचा. आता मी त्यांना वळसा घालून खिडकीपर्यंत जाते.

लिबी


हावलिक
१७ जानेवारी २०१६

लिबी,

सगळ्या अटी मान्य. टेबलाखाली आपण दोघी मावू की नाही तेवढं बघायला हवं. तुला वाटतं तेवढी मी बारीक राहिलेली नाही.

आज तारीख कोणती आहे ते मला ठाऊक आहे, तुमच्या भूकंपाची. सकाळी चर्चमध्ये वॉल्टरसाठी मेणबत्ती लावली. इतकी वर्षं लावायला हवी होती, सुचलं नाही.

दुसरी खाट ड्वेनच्या खोलीतून खाली आणवली. व्लास्ताचे दोन नातू आले होते, त्यांनी उचलली आणि जाताना अर्धा डबा कोलाची संपवले. खाट दाराजवळची तुझी. तसबीर समोरच्या भिंतीवर नेली. काल दुपारी एकदा हललं, अगदी थोडं. मी टेबलाखाली गेले, एकटीच, आणि तिथं बसून मला हसू आलं, मग रडू आलं, मग गुडघा धरला म्हणून तशीच बसून राहिले. कुत्रंही आलं शेजारी.

रोझॅन फोनवर सांगत होती, तू हल्ली फार घोरतेस, म्हणून तिनं शिवणाच्या खोलीचं दार जाड करून घेतलं. मला चालेल. खुशाल घोर. या घरात रात्री एखादा तरी आवाज असू दे, जो ऐकून मला उठावं लागणार नाही.

वाट बघते.

आल्बिना